तुपाचा वाफारा

आई,

तुझं वय कुणी कुठे लिहून ठेवलं नव्हतं. विचारलं की तू म्हणायचीस, "ते माज्या आयलाच म्हाईत, आन ती गेली सांगायची राहून." तरी इकडचं तिकडचं जुळवून पाहिलं, तर या वर्षी मी तुझ्याहून मोठी झाले असं निघतं. तुझे पिकायचे राहिलेले केस माझे पिकले आहेत. तू आत्ता दारात येऊन उभी राहिलीस तर शेजारणीला मी तुझी थोरली बहीण वाटेन. हे तुला सांगावं असं बरेच दिवस मनात आहे. दुसऱ्या कुणाला सांगायचं तर आधी तू कोण होतीस, कशी होतीस, इथपासून सुरुवात करावी लागते, आणि तेवढ्यानेच मी थकून जाते.

गेल्या श्रावणात आमच्या शाळेतल्या एक बाई मधल्या सुट्टीत मला म्हणाल्या, "अहो, डोळ्याला हळद लागलीय तुमच्या, पुसा की." मी पदराने पुसली. त्या म्हणाल्या, "अजून आहे." घरी आल्यावर खिडकीतल्या उजेडात आरसा धरला, तर नाकाजवळच्या कोपऱ्यात, वरच्या पापणीवर, तुरीच्या डाळीएवढा पिवळा चट्टा. बोटाने दाबून पाहिला. मऊ होता, दुखत नव्हता. मी आरसा खाली ठेवला, कारण आरशात चेहरा माझा होता आणि डोळा तुझा होता.

तुझ्या दोन्ही पापण्यांवर होते ते चट्टे. लहानपणी मला वाटायचं की सगळ्यांच्या आयांना असतात. आपल्या औंढे गावातल्या बायका म्हणायच्या, लक्ष्मी बसलीय हिच्या डोळ्यांवर, आणि तू म्हणायचीस, "बसलीय खरी, पन खाली उतरंना." हसताना ते चट्टे वर सरकायचे. ते मला फार आवडायचं.

सकाळी आपण दोघी बरोबर निघायचो. तू लोणावळ्याला शेठच्या बंगल्यावर स्वयंपाकाला, मी तिथल्या हायस्कुलात. डोक्यावर तुझी टोपली, त्यात शेठाणीसाठी घेतलेली मेथी नाहीतर गवार, आणि माझ्या हातात दप्तर. भातखाचरांच्या बांधावरून जाताना तू माझ्यापुढे असायचीस, इतकी भरभर की मला पळावं लागायचं. पण रेल्वेचं फाटक ओलांडून बंगल्यांकडचा चढ लागला की थोड्याच वेळात तू थांबतेस. जांभळीच्या बुंध्याला हात लावून उभी राहतेस, मग एक पाय वर उचलून तळवा बघतेस. "थांब गं, काटा लागला." मी थांबते. तुझ्या ओठावर घाम आलेला असतो, थंडीतसुद्धा. थोड्या वेळाने तू पाय खाली ठेवतेस आणि म्हणतेस, "निगाला. चल." मी एकदा चेष्टेने म्हणाले होते, "आई, रोज तुझ्याच पायाला कसा काटा लागतो? मी पण अनवाणीच आहे की." तू म्हणालीस, "तुज्या पायाला शाळेचा वास येतो. काटं पळून जात्यात." मला ते पटलं होतं. खरंच पटलं होतं.

बंगल्याचं स्वयंपाकघर मागच्या बाजूला होतं, दोन पायऱ्या उतरून. शाळा सुटल्यावर मी त्या पायऱ्यांवर येऊन बसायची. शेठचं कुटुंब मुंबईचं. उन्हाळ्यात आणि दिवाळीत सगळे यायचे, एरवी शेठाणी तब्येतीसाठी म्हणून महिनोन् महिने तिथेच राहायच्या. त्यांना विकतचं तूप चालायचं नाही. खालच्या वाड्यांवरच्या बायका पानात गुंडाळून लोण्याचे गोळे आणायच्या आणि तू ते मोठ्या पितळी पातेल्यात कढवायचीस. तो तुझा दिवस असायचा. चूल मंद करून तू पातेल्यावर वाकून उभी असतेस, हलत नाहीस, कुणाशी बोलत नाहीस. आधी बुडबुड्यांचा मोठा आवाज, मग बारीक, मग एकदम शांत. त्या शांततेची तू वाट बघतेस. ती आली की विड्याचं पान आत सोडतेस, ते तडतडतं आणि तू पातेलं उतरवतेस. घड्याळ नाही, काही नाही. तूप बरणीत गाळून झालं की तळाशी राहते ती तांबूस, खरपूस बेरी. कढवणाऱ्या बाईची बेरी, हा सगळीकडचाच रिवाज. शेठाणीही स्वतःहून म्हणायच्या, "घेऊन जा गं, मुलीला होईल." तू तिच्यात गूळ चुरायचीस आणि केळीच्या पानाच्या तुकड्यावर घालून पायरीवर माझ्यापुढे ठेवायचीस. "तू?" मी विचारायची. "माजं वासानंच प्वाट भरलं. तू खा." मी पान चाटूनपुसून खायची. आपल्या घरी नाचणीची भाकरी, अंबाडीची भाजी, कधी सुकट. आयुष्यात जेवढं तूप माझ्या पोटात गेलं, ते त्या पायरीवर गेलं. तुझ्या पोटात ते कधी गेलेलं मी पाहिलं नाही.

मग ते डॉक्टर आले. मी सोळाएक वर्षांची असेन. शेठचे मुंबईचे स्नेही, दोन दिवस हवापालटाला आलेले. तू त्यांना व्हरांड्यात चहा द्यायला गेलीस आणि मी दाराआडून बघत होते, कारण त्यांच्या गळ्यात नळी असेल असं मला वाटलं होतं. नळी नव्हती. त्यांनी कप घेतला, तुझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तुला म्हणाले, "इकडे ये बघू. डोळे मीट." तू मिटलेस. त्यांनी अंगठ्याने पापणी जरा ताणून पाहिली आणि शेठाणीकडे वळून हसत म्हणाले, "वहिनी, तुमचं लोणी पातेल्यात कमी आणि हिच्या डोळ्यांवर जास्त दिसतंय. हे असं तूपलोणी चापणाऱ्यांना होतं. आमच्याकडे येतात ते सगळे गादीवरचे लोक, स्वयंपाकीण पहिलीच." शेठ मोठ्याने हसले. शेठाणी हसल्या नाहीत. तू डोळे मिटूनच उभी होतीस, कारण डोळे उघड असं कुणी म्हटलं नव्हतं.

माणूस वाईट नव्हता तो. गंमत केली आणि विसरून गेला असेल. पण संध्याकाळी शेठाणी स्वयंपाकघरात आल्या. त्या दिवशी तूप झालं होतं, पातेलं चुलीशेजारी होतं, तळाशी बेरी. त्यांनी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी तांब्या घेतला आणि पातेल्यात पाणी ओतलं. बेरी चर्रकन वाजली, वर तरंगली. "उद्यापासून लोणी मी कढवीन," त्या म्हणाल्या, "तू भाज्या बघत जा." मी पायरीवरून उठले आणि म्हणाले, "माझ्या आईने काही खाल्लं नाही. बेरी मी खाते. तुम्हीच देता ती."  तू माझ्याकडे वळलीस, आणि शेठाणींवर जो राग यायला हवा होता तो तुझ्या तोंडावर माझ्यासाठी आलेला मी पाहिला. "मोट्या मान्सांच्या मधी बोलायचं न्हाई! चल, उचल दप्तर." जांभळीपर्यंत तू भरभर उतरलीस. मग म्हणालीस, "डागदर शिकल्याला हाय. त्येला काय आपलं वाकडं करायचंय? त्येला दिसलं ते त्येनं सांगितलं." "पण तू खात नाहीस ना!" "न्हाई." "मग?"  त्या उतारावर तुला काटा लागायचा नाही, तरी तू थांबलीस.

त्या रात्री नाही, पण दोनतीन दिवसांनी तुला उत्तर सापडलं. भाकऱ्या थापता थापता एकदम म्हणालीस, "अगं, वाफारा! इतकी वर्सं पातेल्यावर वाकून हुबी ऱ्हायले. चुलीवरच्या वाशाला न्हाई का काजळी धरत? तसा तुपाचा वाफारा धरला पापनीला." तुझा चेहरा इतका मोकळा झाला होता. तू चोर नव्हतीस आणि डॉक्टरही खोटा नव्हता. दोघांनाही तू त्या एका वाफेत सोडवून टाकलंस. मग तू शिकेकाईच्या पाण्याने पापण्या धुवायला लागलीस, डाळीच्या पिठाने हलकेच चोळायला लागलीस. कातडी लाल व्हायची, पिवळं तसंच. "जाईल," तू म्हणायचीस. "धरायला वर्सं लागली, जायाला बी लागतील." विहिरीवरच्या बायकांनाही तू वाफाऱ्याचं समजावून सांगितलंस. त्या मान हलवायच्या आणि तू घागर उचलून वळलीस की एकमेकींकडे बघायच्या.

बंगल्यात मात्र तू तोंडाला काही लावायचं बंद केलंस. चहा नाही, पाणी नाही. भाजीचं मीठ बघायलासुद्धा हातावर थेंब घेतला नाहीस. वासावर आणि रंगावर स्वयंपाक करायचीस, आणि तुझा हात असा की बरेच दिवस कुणाला कळलंही नाही. मग दिवाळीत, घर पाहुण्यांनी भरलेलं असताना, कढीत मीठ दोनदा पडलं. शेठाणी आत आल्या. "बाई, चाखली नाहीस का तू?" तू म्हणालीस, "न्हाई शेठाणीबाई. हातानं रांधीन, हातानं वाढीन, पन तोंडाला लावनार न्हाई." त्यांनी मान खाली घातली. त्यांना सगळं कळलं होतं, असं मला त्यांच्या मानेवरून वाटलं. "तसं नको गं," एवढंच म्हणाल्या. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवसापासून तू गेली नाहीस. मला मात्र शाळेला एकटीला चालत जावं लागायचं, आणि जांभळीपाशी मी उगाच थांबायची.

त्यानंतर तू लोकांच्या खाचरात जायला लागलीस. संध्याकाळी तुझे तळपाय चुलीपुढे यायचे आणि मी तुझ्या माहेरची काशाची वाटी घेऊन बसायची. उष्णता उतरायला तूप लावून घासतात, पण आपल्याकडे करंजाचं तेल. वाटी फिरवता फिरवता तळव्याचं तेल काळं पडायचं आणि तू म्हणायचीस, "बग, कसा निगाला सगळा जाळ." मग अंगठ्याने मी टाचेच्या वरची शीर दाबायची. ती जाड होती, दोरखंडासारखी, आणि मध्ये गाठी, चिंचोक्यासारख्या टणक. "हे काय गं?" "चालून चालून शीर फुगली." ते मला वाफाऱ्याइतकंच पटलं. अशक्तपणा वाटला, छातीत वारं धरलं, की तू ओवा खायचीस आणि भिंतीला टेकून बसायचीस. बापू रेल्वेच्या गँगवर घाटात, आठवड्याने घरी यायचे. नवऱ्याला सांगायलाही तुझ्याकडे नेहमी दुसरं काहीतरी असायचं.

तू गेलीस तेव्हा मी नव्हते. लग्न होऊन देहूरोडला आले होते, घर अजून लागायचं होतं. शेजारच्या मावशी तुझ्याबरोबर भातलावणीला होत्या, त्यांनी सांगितलं. दुपारची वेळ. तू चिखलातून बांधावर आलीस, बसलीस, आणि म्हणालीस, "काटा लागला गं बाई." पाय मांडीवर घेतलास. मावशी आवण, रोपांची जुडी, हातात घेऊनच म्हणाल्या, "चिखलात कुटला काटा?" तू वर पाहिलं नाहीस. त्यांनी जवळ येऊन पाहिलं तेव्हा तू पायाला धरूनच वाकलेली होतीस. "मी तळवा धुऊन बगितला," मावशी रडत मला सांगत होत्या. "दोनी पायांचा बगितला. काटा न्हवता गं." दिवसकार्याला बसलेल्या बायकांत कुणीतरी हळूच म्हणालं, बंगल्याचं तूप बाधलं. मावशींनी त्यांना गप्प केलं नाही. मी केलं नाही. काय सांगणार होते? वाफारा?

आई, आता पुण्याच्या दवाखान्यातलं सांगते. स्टेशनचा पूल चढताना मलाही छातीवर कुणीतरी हात ठेवल्यासारखं व्हायला लागलं होतं, म्हणून गेले. डॉक्टरीण तरुण होती, माझ्या विद्यार्थिनीसारखी. तिने पापणी पाहिली, हृदयाचा आलेख काढला, आणि मग म्हणाली, "चप्पल काढा." तिने टाचेच्या वर, बरोबर तिथे, चिमटीत शीर धरली. "इथे गाठ आहे. माहीत होतं?" मी म्हटलं, उभं राहून शिकवते, त्याने असेल. "आईला होतं का असं? डोळ्यांवर? टाचेला?" मी म्हणाले, "होतं. पण तिचं तुपाच्या वाफाऱ्याने." तोंडातून गेलंच ते. मला वाटलं ती हसेल. ती म्हणाली, "तूप कढवायच्या?" "हो." "खायच्या?" "नाही. मी खायची."

उपाशीपोटी रक्त घेतलं, पुढच्या खेपेला समोर बसवून तिने समजावलं. रक्तात कोलेस्टेरॉल नावाचा मेणासारखा पदार्थ असतो. तो विष नाही, प्रत्येकाला लागतो, शरीराची बांधणी त्याच्यावर चालते, आणि बराचसा आपलं यकृतच तयार करतं. जास्त झाला तर साध्या माणसाच्या शरीरात त्याचा निचरा होतो. काही घराण्यांत तो निचराच कमी, जन्मापासून. मग तो साठत जातो. पापणीवर साठतो, टाचेच्या शिरेत, म्हणजे पोटरीला टाचेशी बांधणाऱ्या दोरीत साठतो, ते दिसतं, त्याने काही बिघडत नाही. पण तोच हृदयाच्या रक्तवाहिन्यांतही आतून बसत जातो, आपल्या पाणी तापवायच्या बंबात क्षार धरतात तसा, आणि वाट अरुंद होते. सपाटीवर चालताना भागतं. चढावर हृदयाला जास्त रक्त लागतं, ते पोचत नाही, आणि छाती भरून येते. माणूस थांबला की बरं वाटतं. "थांबायच्या का त्या, चढावर?" तिने विचारलं. मी म्हटलं, "काटा काढायला थांबायची." तिने लिहिणं थांबवून माझ्याकडे पाहिलं. तिला समजलं की नाही कोण जाणे. मला समजलं.

मग मी विचारलं, "म्हणजे तिने तूप खाल्लं असेल म्हणून हे झालं, असं म्हणता येईल?" ती म्हणाली, "खाण्याने भर पडते, म्हणून तुम्हाला पथ्य सांगते आहे. पण त्यांनी आयुष्यात तुपाला हात लावला नसता तरी हे झालंच असतं. हे त्यांच्या रक्तातलं होतं, ताटातलं नव्हतं." मी म्हटलं, "पुन्हा सांगा." तिने पुन्हा सांगितलं. मी तिसऱ्यांदाही विचारणार होते, पण बाहेर माणसं खोळंबली होती.

करडईचं तेल, अंड्याचा बलक नाही, डालडा नाही, तूप नाही, रोज सपाटीवर चालणं, आणि गोळ्या. औषधं थोडी आहेत, ती म्हणाली, फार नाहीत, अजून शोध चालू आहेत. मी दवाखान्याच्या पायऱ्या उतरले तेव्हा मला माझ्या जिवाची भीती वाटायला हवी होती. मला पळत सुटावंसं वाटत होतं, कुणाला तरी धरून सांगावंसं वाटत होतं, की तिने खाल्लं नव्हतं. आणि पायरीवर उभी राहून मी विचार करत होते, की कुणाला? तुझ्या जावयांना घरी येऊन सांगितलं. ते म्हणाले, "बरं झालं वेळेवर कळलं. गोळ्या चुकवू नकोस." त्यांना बेरीचं काही माहीत नाही. मी कधी सांगितलंच नव्हतं.

म्हणून मी लोणावळ्याला गेले. स्टेशनाबाहेर चिक्कीच्या दुकानांची रांग लागली आहे, तुपाचा आणि गुळाचा वास रस्त्यावर येतो. फाटकापुढचा चढ मी थांबत थांबत चढले. जांभूळ नाही आता. बंगल्याच्या दाराला साखळी, आत गवत वाढलेलं. शेजारच्या माळ्याने सांगितलं, शेठाणी जाऊन बरीच वर्षं झाली, मुलं परदेशात. "काय निरोप होता का, बाई?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "होता. आता नाही."

तिथून औंढ्याला. मावशी आहेत अजून, ओसरीवर बसून असतात, डोळ्यांनी कमी दिसतं. मी त्यांना सगळं सांगितलं, डॉक्टरीण जसं म्हणाली तसं, रक्तातलं, यकृतातलं, घराण्यातलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "म्हंजे तिनं खाल्लंच न्हवतं?" "नाही, मावशी." त्या ओसरीच्या खांबाला टेकल्या. मग म्हणाल्या, "खाल्लं आसतं तर बरं झालं आसतं गं. मरायचंच हुतं, तर कवातरी तोंडाला चव तरी लागली आसती." आणि त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. आई, इतकी वर्षं मी तुझ्या बाजूने मनात भांडत होते, आणि ते भांडण असं संपलं. समोर कुणी उरलंच नव्हतं. मी त्यांच्याजवळ बसून चहा प्यायले, बिनदुधाचा, आणि परतीची गाडी धरली.

आता खरं सांगायचं ते. तुझी नात वीस वर्षांची झाली आहे, तू न पाहिलेली. पुण्याला वसतिगृहात राहून शिकते, शनिवारी घरी येते. डॉक्टरिणीने मला स्पष्ट सांगितलं आहे, की हे मुलांत येतं किंवा येत नाही, दोन्ही सारखंच शक्य. "मुलीचं रक्त बघून घ्या. लवकर कळलं तर पुष्कळ करता येतं." तुझे जावई म्हणाले, "आत्ता नको. चिंचवडच्या लोकांशी बोलणी चाललीत. रक्तात काही निघालं तर कोण करेल? लग्न झाल्यावर बघू. आणि तिला काही होत नाहीये ना?" ते प्रेमापोटीच म्हणत होते. मी दोन आठवडे गप्प बसले. त्या दोन आठवड्यांत शाळेच्या जिन्यावर माझी छाती भरून यायची, मी कठड्याला धरून थांबायची, आणि मुलींनी विचारलं की म्हणायची, "काही नाही गं, चपलेत खडा गेलाय." पहिल्यांदा म्हणाले तेव्हा काही वाटलं नाही. दुसऱ्यांदा म्हणाले आणि तिथेच जिन्यात मला तू दिसलीस, एक पाय उचललेली.

काल ती आली. दिवेलागणीला मी तिला म्हटलं, "ये, पाय घासून देते." तीच तुझी काशाची वाटी. ती खिडकीपाशी आडवी पडून कसलंसं मासिक वाचत होती. मी वाटी फिरवत सगळं सांगितलं. चढ, काटा, बेरी, ते डॉक्टर, वाफारा, कढी. माझी पापणी दाखवली. ती उठून बसली. "आजीला चोर ठरवलं आणि तू मला आज सांगतेस?" मी म्हटलं, "खात्री आत्ता कुठे झाली." "मला पहिल्यापासूनच खात्री असती," ती म्हणाली, आणि मग, "सोमवारीच जाऊ." मी म्हटलं, बाबा नको म्हणताहेत, चिंचवडची मंडळी. ती हसली, अगदी तुझ्यासारखी. "रक्त बघून नाही म्हणणार असतील तर बरंच की. तांदूळ निवडतानाच खडा निघाला. दाताखाली येण्यापेक्षा ते बरं." मग स्वयंपाकघरात जाऊन तिने वडिलांना काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. थोड्या वेळाने ते बाहेर आले आणि म्हणाले, "उपाशी जायचं असतं ना? मग सकाळची पहिली गाडी धरा. मी येतो स्टेशनपर्यंत."

आज रविवार. दुपार आहे, ती झोपली आहे. मी हे लिहिते आहे. इथून औंढ्याला पत्र दुसऱ्या दिवशी पोचतं. पण तू असतीस तरी ते तुला दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावं लागलं असतं, आणि यातलं काही दुसऱ्याच्या तोंडून तू ऐकावंस असं मला वाटत नाही. म्हणून हे इथेच राहील.

एक राहिलं. काल वाटी ठेवल्यावर माझा अंगठा लेकीच्या टाचेच्या वर गेला. मी मुद्दामच नेला. शीर बारीक होती, गुळगुळीत, सुतळीसारखी ताणलेली. गाठ नाही. डॉक्टरीण म्हणाली होती की तरुणपणी गाठ नसली तरी रक्तात असू शकतं, म्हणून उद्या जायचं ते जायचंच आहे. तरीही मी देवाचे आभार मानले, मनापासून मानले. पण आई, ते नंतर. त्याच्या आधी, अंगठा तिथे असतानाच, पहिल्यांदा जे मनात आलं ते हे होतं, की म्हणजे ही गाठ आपल्या दोघींचीच.